कॉलिनवूडमध्ये नांदायचंय? मग हे वाचा

सध्या रात्री भांडी आवरली की मी 'डार्क शॅडोज' बघत बसते. १९६६ ते १९७१, अमेरिका, एबीसी वाहिनी, दुपारची मालिका, भाग १२२५. 'पहिले २०९ सोड, थेट २१०पासून बघ, तिथं व्हॅम्पायर येतो,' असं जाणकारांनी बजावलं होतं. पण गोष्ट पहिल्यापासून ऐकायची खोड जात नाही. परवा एकदाचं पेन-प्रकरण संपलं. डोकं अजून ठणकतंय. त्या भरात, मेन राज्यातल्या कॉलिन्सपोर्टला, कड्यावरच्या त्या कॉलिनवूड नावाच्या चाळीसेक खोल्यांच्या वाड्यात राहायला जाणाऱ्यांसाठी चार हिताच्या गोष्टी.

घरच्या बाईसाहेबांनी, एलिझाबेथबाईंनी, अठरा वर्षांत फाटक ओलांडलेलं नसेल, तर का ते विचारू नये. तब्येत असेल.

संशय घ्यायचा तो बाहेरच्यावर. बाईंच्या भावाच्या, रॉजर कॉलिन्सच्या, गाडीचे ब्रेक निकामी झाले? रॉजरच्या जुन्या वैऱ्याला, बर्क डेव्हलिनला धरा. तो तुरुंगात जाऊन आलाय ना! (ज्या अपघातापायी गेला, तेव्हा गाडी रॉजर चालवत होता, ही बारीकशी बाब सोडून द्या.) ब्रेकचा व्हॉल्व्ह काढला रॉजरच्याच नऊ वर्षांच्या पोरानं, मेकॅनिकची मासिकं वाचून. पोर घरचं आहे. त्याला शिकवणी लावा, झालं.

पुरावा सापडला तर तो टेबलाच्या खणात ठेवावा आणि घरभर सांगावं. आता हे पेन. चांदीच्या नक्षीचं फाउंटन पेन. बर्कनं ते बाईंच्या मुलीला, कॅरोलिनला, भेट दिलं. रॉजरमामानं 'परत करतो' म्हणून भाचीकडून काढून घेतलं आणि कॉलिन्सांच्या धंद्याचा व्यवस्थापक बिल मॅलॉय मेला त्या रात्री हरवलं. ते किनाऱ्यावर सापडलं कुणाला, तर पोराच्या गव्हर्नेसला, व्हिक्टोरियाला. रॉजरनं ते चोरलं. पुरलं. मग पेन कुठाय? कसं होतं पेन? कुणाचं पेन? कुणी पाहिलं पेन? दिवाणखान्यात पेन, हॉटेलात पेन, शेरीचा पेला हातात घेऊन पेन! आधी संशय बर्कवर, मग रॉजरवर. व्हिक्टोरिया घाबरली, रॉजर तिच्याहून जास्त घाबरला, माझे डोळे मिटायला लागले. आणि शेवटी मॅलॉय मेला कुणाच्या हातून? वाड्याचा राखणदार मॅथ्यू मॉर्गन! पेनाचा काडीचा संबंध नाही! इतक्या आठवड्यांत कुणी त्या गड्याला साधं विचारलं नाही की बाबा, त्या रात्री तू कुठं होतास. का विचारतील? तो बाईंचा विश्वासू. शेवटी वाड्यातल्या भुतांनाच येऊन त्याचा निकाल लावावा लागला. पोलिसांपेक्षा भुतं कार्यक्षम, हा या मालिकेचा एकमेव वास्तववादी भाग.

प्रेमाचं म्हणाल तर, जो हॅस्केलसारखा सरळ, कष्टाळू मुलगा लग्नाचं विचारत असेल तर कॅरोलिनसारखं त्याला झुलवत ठेवावं आणि मामाच्या वैऱ्याबरोबर जेवायला जावं.

तळघरातल्या कुलूपबंद खोलीबद्दल कुणी धमकावत असेल, तर खोली उघडून बघू नये, त्याच्याशी लग्न ठरवावं.

आणि एप्रिल १९६७मध्ये एखादा गृहस्थ रात्री दार वाजवून 'मी इंग्लंडचा चुलतभाऊ, बार्नबस' म्हणाला, तर भिंतीवरच्या जुन्या तसबिरीकडे बघावं, 'अगदी तोंडवळा!' म्हणावं आणि ओसाड पडलेलं ओल्ड हाउस त्याला देऊन टाकावं. वीज नाही, मेणबत्त्या चालतात त्याला. दिवसा तो कधीच भेटत नाही. कामाचा माणूस. गावात पोरींच्या मानेवर दात उमटायला लागले तर हवापालटाचा विचार करावा.

नाही, आता पुरे झालं. एक माणूस, एकच, त्या बार्नबसची चौकशी करायला निघाला. बर्क. ज्याच्यावर पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा संशय, तो. इंग्लंडपर्यंत माणसं लावली त्यानं. आणि व्हिक्टोरिया चिडली कुणावर? बर्कवर! 'एवढ्या सभ्य माणसावर संशय घेतोस?' अगं बाई, तू स्वतः अनाथालयातून आलीस, आपले आईबाप कोण हे शोधायला न्यूयॉर्कहून गाडीत बसलीस, कागदपत्रांची किंमत तुला कळायला नको? तुझा प्रश्न तर १२२५ भागांत कुणी सोडवला नाही. लेखकांना लाज वाटायला हवी होती. इशारे दिले ढीगभर, उत्तर शून्य. बर्कचं विमान ब्राझीलमध्ये पाडलं आणि मोकळे झाले. एवढ्या मोठ्या वाड्यात डोकं चालवणारा एकच होता, त्यालाच घालवलं.

आणि एलिझाबेथबाई, तुम्ही. गव्हर्नेस दहा मिनिटं उशिरा आली तरी तुमच्या भुवया वर जातात. इथं आडनाव कॉलिन्स सांगितलं की घराच्या किल्ल्या! कागद मागायला जीभ रेटत नसेल तर नका मागू. पण एकदा, फक्त एकदा, त्या माणसाला दुपारी बाराला जेवायला तरी बोलवा!