महायुद्धाची झळ भारतीय घरांना लागलीच नाही, हा दावा खोटा आहे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील सामान्य कुटुंबांवर पुस्तक लिहू पाहणाऱ्या माझ्या भाचीला एका परिचिताने सध्या बराच फिरत असलेला एक मजकूर पाठवला आणि हा विषय सोडून देण्याचा सल्लाही दिला. भारतीयांवर बॉम्ब पडले नाहीत, बंगालचा दुष्काळ ही निव्वळ नैसर्गिक आपत्ती होती, मुंबईचे जीवन नेहमीसारखे चालू होते आणि त्या काळच्या रोजच्या जगण्याचे कागदच उरलेले नसल्यामुळे लेखकाने कल्पनेवर भागवावे, असे त्यात म्हटले आहे. इतक्या ठामपणे इतके चुकीचे लिहिलेले पाहून गप्प बसवत नाही.

लंडनप्रमाणे महिनोन्महिने चाललेला बॉम्बवर्षाव भारतीय शहरांनी सोसला नाही, एवढे मान्य करावे लागेल. मात्र ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणम आणि काकिनाडा येथे जपानी विमानांनी बॉम्ब टाकले आणि त्याच वर्षी डिसेंबरात कोलकात्यावर हल्ले झाल्यावर तेथून लोकांचे लोंढे बाहेर पडले.

दुष्काळाविषयीचे विधान केवळ चुकीचे नाही, ते मेलेल्यांवर अन्याय करणारे आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये बंगालमधील मेदिनीपूर जिल्ह्याला चक्रीवादळाचा तडाखा बसला, हे खरे. पण त्याआधीच जपानने ब्रह्मदेश घेतल्यामुळे तेथून येणारा तांदूळ थांबला होता आणि शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनारी जिल्ह्यांतील तांदळाचा साठा व मोठ्या होड्या काढून घेतल्या होत्या. मासेमाराची होडी वादळाने नव्हे, सरकारी हुकमाने गेली. कोलकात्याच्या घाऊक बाजारात डिसेंबर १९४२ मध्ये मणाला १३-१४ रुपये असलेला तांदूळ ऑगस्ट १९४३ मध्ये ३७ रुपयांवर गेला. युद्धासाठी आवश्यक ठरवलेल्या उद्योगांतील कामगारांना मालकांमार्फत स्वस्त धान्य मिळत होते आणि खेड्यातील भूमिहीन मजूर उपाशी मरत होता. सरकारनेच नेमलेल्या दुष्काळ चौकशी आयोगाने १९४५ च्या अहवालात मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला (नंतरच्या अनेक अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या आसपास नेला) आणि योग्य वेळी धाडसी उपाय केले असते, तर ही शोकांतिका बऱ्याच अंशी टाळणे बंगाल सरकारला शक्य होते, असे स्पष्ट लिहिले. हा अहवाल न उघडता दुष्काळाचे सगळे खापर निसर्गावर फोडण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मुंबईबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तेथे १९४३ मध्ये धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट होऊन शेकडो माणसे मेली. देशभरातील घड्याळेसुद्धा सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत एक तास पुढे होती. म्हणजे ‘नेहमीसारखी’ तर वेळही नव्हती.

राहिला कागदांचा प्रश्न. ब्रिटनमध्ये सामान्य लोकांच्या रोजनिश्या पद्धतशीरपणे जमवल्या गेल्या, तसे आपल्याकडे झाले नाही, हे खरे आहे. म्हणून काहीच उरले नाही, असे होत नाही. आयोगाच्या अहवालात होड्या, भाव, रोगराई आणि स्थलांतर यांची तपशीलवार माहिती आहे. कोलकात्याच्या ‘स्टेट्समन’ या इंग्रजी दैनिकाने ऑगस्ट १९४३ मध्ये भुकेल्यांची छायाचित्रे छापली. चित्रकार चित्तप्रसाद यांनी मेदिनीपूरमध्ये हिंडून उपाशी माणसांची रेखाचित्रे काढली. वृत्तपत्रांवर सेन्सॉरची नजर होती, त्यामुळे बातम्यांइतकेच बाजारभाव, जाहिराती आणि वाचकांची पत्रे बारकाईने वाचावी लागतील. भाचीला मी हेच सांगितले असून आयोगाच्या अहवालापासून सुरुवात करण्यास सुचवले आहे.