बावीसला टीएच लावणाऱ्यांनो, एकदा मोठ्याने वाचा

इंग्रजीत तारीख किंवा कितवा क्रमांक लिहायचा, की बावीसच्या आकड्यापुढे टीएच (th). एकवीसपुढे टीएच. तेवीसपुढेही टीएचच. लग्नपत्रिकेवर तेच, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तेच, क्लासच्या नोट्समध्ये तेच, आणि ज्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या नावाखाली पालकांकडून भरमसाट फी उकळतात त्यांच्या गॅदरिंगच्या बॅनरवरही तेच. डीटीपीच्या, म्हणजे छपाईचा मजकूर संगणकावर जुळवून देण्याच्या धंद्यात असल्यामुळे हे सगळं रोज माझ्या डोळ्यांखालून जातं आणि दर वेळी डोकं फिरतं. इंग्रजी येत नाही म्हणून मी कुणावर चिडत नाही. ती काही आपली भाषा नाही, न येण्यात लाज कसली? चीड येते ती बेफिकिरीची.

अहो, नियम आहे तरी केवढा! तोंडाने जो शब्द म्हणता त्याची शेवटची दोन अक्षरं आकड्याला जोडायची, बस्स. फर्स्टची एसटी, सेकंडची एनडी, थर्डची आरडी, बाकी सगळ्यांची टीएच. एकवीस म्हणजे ट्वेंटी-फर्स्ट, म्हणून एसटी. बावीस म्हणजे ट्वेंटी-सेकंड, म्हणून एनडी. 'ट्वेंटी-टूथ' असं आजवर एकाही माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. फोनवर हॉल बुक करताना 'ट्वेंटी-सेकंड मे' असं खणखणीत सांगणारा माणूस कागदावर मात्र टीएच लिहून आणतो. तोंडाला येतं ते हाताला का येत नाही? कारण लिहिलेलं परत एकदा वाचायचे कष्ट कुणालाच नकोत.

बरं, ही पद्धत आपल्याला परकी आहे असंही नाही. मराठीत आपण १ला, २रा, ३रा, ४था असंच लिहितो की. '१वा वाढदिवस' असं लिहिलं तर बालवाडीतलं पोरही हसेल. पाचपासून पुढे मात्र आपल्याकडे सगळं वा-वी-वे: पाचवा, एकविसावा, बाविसावा, एकतिसावा. चूक शिरते ती इथून. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक मागून, म्हणून शेवटी कायम 'वा'च येतो. इंग्रजीत दशक आधी आणि एकक शेवटी, त्यामुळे प्रत्येक दशकात फर्स्ट, सेकंड, थर्ड परत उगवतात. एकवीसला, एकतीसला, एकशे एकलाही. एवढी एक गोष्ट पाचवी-सहावीच्या वर्गात फळ्यावर मांडून दाखवली तर एका तासात पोरांच्या डोक्यात पक्की बसेल. पण शिकवतं कोण? फर्स्टपासून टेन्थपर्यंत घोकून घ्यायचं आणि पान उलटायचं. खरी अडचण विसाच्या पुढे सुरू होते आणि तिथेच पोरांना सोडून दिलं जातं.

मग त्यातली काही पोरं मोठी होऊन अर्धाच नियम लक्षात ठेवतात. शेवटी एक आला की एसटी, दोन आला की एनडी! ते थेट अकराला एसटी लावतात, बाराला एनडी आणि तेराला आरडी. अरे बाबांनो, इलेव्हन्थ, ट्वेल्फ्थ, थर्टीन्थ. उच्चारात टीएच ऐकू येत नाही का? एकशे अकरा, एकशे बारा, एकशे तेरालाही हेच. एका घरातलं वडीलधारं माणूस गेलं. मुलं परगावी, परदेशी, म्हणून तेराव्याचा निरोप इंग्रजीत काढायचा ठरला. फोटो चांगला शोधून दिला होता, मजकूर मोजका आणि नीट होता, आणि मधोमध तेराच्या डोक्यावर आरडी. गेलेल्या माणसाच्या नावाचा कागद आहे तो! शंभर घरी जाणार, कुणी कुणी देवघरापाशी जपून ठेवणार. तिथे तरी दोन अक्षरं तपासून बघावीत की नाही? घरातल्या कुणाच्याही नजरेला ते खटकलं नव्हतं.

माणसांचं एक वेळ सोडा, यंत्रांनाही आपण हेच शिकवून ठेवलंय. सर्टिफिकेट आपोआप काढून देणाऱ्या प्रणाली असतात. पोराचा क्रमांक टाकला की आकडा आणि पुढची अक्षरं आपसूक छापून येतात. ज्याने ती लिहिली त्याने फक्त शेवटचा अंक तपासलेला. मग अकरावा आलेल्या पोराला अकरा एसटी, बारावी आलेल्या पोरीला बारा एनडी. काही ठिकाणी तर तेवढीही तसदी नाही, सरसकट टीएच. हे लिहिणारे पगार कशाचा घेतात? शेवटचे दोन अंक अकरा, बारा किंवा तेरा आहेत का ते आधी बघायचं, मग शेवटचा अंक बघायचा. संपलं काम! आणि फॉर्मवरची तारीख पाहिलीत का? शून्य एक एसटी, शून्य दोन एनडी. त्या शून्याचं तिथे काय काम, ते मला कुणीतरी सांगावं.

पण सगळ्यात जास्त राग मला स्पर्धा परीक्षांच्या नोट्स बघून येतो. राज्यघटनेचा धडा. ४२वी घटनादुरुस्ती, १९७६ची, जिने उद्देशिकेत समाजवादी आणि धर्मनिरपेक्ष हे शब्द आले, तिच्यापुढे टीएच. ५२वी, पक्षांतरबंदीची, १९८५ची, टीएच. मतदानाचं वय २१वरून १८वर आणणारी ६१वी, टीएच. पंचायत राजची ७३वी, टीएच. जीएसटीची १०१वी, टीएच. आर्थिक दुर्बल घटकांना दहा टक्के आरक्षण देणारी १०३वी, तिलाही टीएच. मधे ७४वी आणि ८६वी बरोबर, कारण त्यांना टीएचच लागतं, लिहिणाऱ्याला कळलं म्हणून नव्हे. खेड्यापाड्यातून आलेली पोरं खोलीभाडं भरून, मेसचा डबा खाऊन याच झेरॉक्सवरून रात्र-रात्र पाठ करतात. त्यांनी त्या कागदावर डोळे झाकून विश्वास ठेवलेला असतो. उद्या इंग्रजीच्या पेपरात हेच लिहून आली तर मार्क कुणाचे जाणार? नोट्स विकणाऱ्याचे नाही जात.

दुरुस्ती सुचवली की काय ऐकावं लागतं तेही सांगतो. लग्नपत्रिकेचं काम होतं. मखमली कागद, सोनेरी फॉइल, गणपती कुठला घ्यायचा यावर अर्धा तास. 'आपले विनीत'मध्ये थोरल्या काकांचं नाव आधी की आत्याच्या यजमानांचं, यावर पुन्हा पुन्हा प्रूफ बदललं. किलबिलमध्ये एका भाचीचं नाव राहिलं म्हणून रात्री फोन. ते सगळं मी केलं, करायलाच हवं, माणसं दुखावतात. पण इंग्रजी बाजूवर तारखेपुढचं टीएच काढून एनडी करतो म्हटलं, तर नवरदेवाचे वडील म्हणाले, "राहू द्या हो, आमच्या साडूंच्या पत्रिकेतपण असंच होतं." मी म्हटलं, काका, ते चुकीचं आहे. तर म्हणे, "सगळीकडे तसंच असतं, कोण बघतंय?" मी बघतो ना! ज्याला येतं तो प्रत्येक जण बघतो. मोबदला एक रुपयाही वाढणार नव्हता, वेळ एक मिनिट जाणार नव्हता, तरी नको म्हणजे नकोच.

अक्षरी लिहायची हौस असते तिथे तर बघायलाच नको. नाइनला टीएच जोडताना ई जातो, एटला नुसता एच लागतो, फाइव्ह आणि ट्वेल्व्हचा व्हीई जाऊन एफ येतो, फोर्टीत यू मुळातच नाही. मोजकीच ठिकाणं लक्षात ठेवायची आणि नेमकी तीच चुकतात.

कधी कधी आकडाच चुकतो. पहिला वाढदिवस म्हणजे एक वर्ष पूर्ण, प्रथम पुण्यस्मरण म्हणजेही एक वर्ष पूर्ण, हे सगळ्यांना कळतं. पण पहिला प्रजासत्ताक दिन म्हणजे २६ जानेवारी १९५० हा दिवसच. तिथून मोजलं की २०२५ला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली आणि दिन शहात्तरावा होता. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. आपण काय छापतोय, झालेली वर्षं की कितवा दिन, एवढं तरी ठरवा! त्या जानेवारीत पंचाहत्तरावा म्हणून मजकूर घेऊन आलेल्यांना मी बोटांवर मोजून दाखवलं. काहींनी ऐकलं. काहींनी 'गेल्या वर्षीचीच फाइल काढा, तारीख बदला' म्हणून सांगितलं.

आणि हे सगळं कशासाठी? तारखेला ती शेपटी लागतच नाही! इंग्रजीतही नुसतं २२ मे लिहिलं तरी शंभर टक्के बरोबर आहे. ब्रिटिश लोक तसंच लिहितात, अमेरिकन लोक महिना आधी टाकून नुसता आकडा लिहितात आणि वाचताना ट्वेंटी-सेकंड म्हणतात. कुणाचं काही अडत नाही. येत नसेल तर लावू नका ना! पूर्ण मराठी मजकूर, मराठी नावं, मराठी पत्ता, आणि तारखेच्या डोक्यावर एवढंसं इंग्रजी टीएच, तेही चुकीचं. ते तिथे लावायला तुम्हाला सांगितलं कुणी?