मोतीबिंदूतून इम्प्रेशनिझम? जरा तारखा बघा

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसणाऱ्या मुलांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्या भाचीपर्यंतही तो पोचला आणि तिने तो खरा मानला, म्हणून हा खटाटोप. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: फ्रेंच चित्रकार मोनेला मोतीबिंदू होता, त्याला जग धूसर दिसायचं, त्यातून इम्प्रेशनिझम, म्हणजे सुट्या फटकाऱ्यांनी क्षणाचा उजेड पकडणारी चित्रशैली, निघाला. या शैलीच्या चित्रकारांना रेखाटन येत नव्हतं. चित्र अर्ध्या तासात उरकायचे. काळा रंग वर्ज्य होता. कॅमेऱ्याने पोटावर पाय आणला म्हणून हे सगळं सुचलं. आणि म्होरक्या कोण, तर व्हॅन गॉग. शेवटी मुलांना सल्ला: ‘डोळे किलकिले करा आणि रंग फिसकटा.’

आधी मोतीबिंदू. मोनेचा जन्म १८४०चा. ज्या चित्रावरून टीकाकार लुई लरुआने या लोकांना ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणून हिणवलं, ते फ्रान्सच्या ल हाव्र बंदरातल्या सूर्योदयाचं चित्र १८७२चं. मोतीबिंदूचं निदान झालं १९१२ साली. मध्ये चाळीस वर्षं! गटाचं पहिलं प्रदर्शन १८७४चं आणि आठवं, शेवटचं, १८८६चं. म्हणजे दुकान बंद होऊन पाव शतक लोटल्यावर आजार आला आणि त्याने दुकान उघडलं, असं हा मेसेज सांगतो. शिवाय त्याच वर्षांत तसंच रंगवणारे रन्वार, सिस्ले, बर्थ मोरिसो यांचं काय? सगळ्यांना एकदम मोतीबिंदू?

स्टॅनफर्डचे नेत्रतज्ज्ञ मायकेल मार्मोर यांनी २००६ साली मोनेला मोतीबिंदूच्या काळात काय दिसत असावं हे संगणकावर उभं करून दाखवलं. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळं-तपकिरी होत जातं, निळा-जांभळा उजेड अडतो आणि रंगांतला फरक कळेनासा होतो. परिणाम दिसतो तो १९१८नंतरच्या, त्याच्या बागेतल्या जपानी पुलाच्या तांबूस चित्रांत. रंगाच्या ट्यूबवरची नावं वाचून आणि पॅलेटवर रंगांचा क्रम ठरवून मोने काम रेटत होता. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली १९२३ साली.

डोळ्यांची दुखणी या गटात होती, एवढं मान्य करावं लागेल. देगाचा डोळ्यामागचा पडदा (रेटिना) अधू होता आणि त्याच्या उतारवयातल्या कामात ते दिसतं. पिसारोच्या अश्रुनलिकेला वारंवार संसर्ग व्हायचा. धूळ-वारा टाळायला तो हॉटेलच्या खिडकीत बसून पॅरिसचे रस्ते रंगवू लागला. आजाराने त्याची बसायची जागा बदलली. हात तोच राहिला.

रेखाटनाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. मोने, रन्वार, सिस्ले, बाझिय हे चित्रकार ग्लेरच्या स्टुडिओत शिकले, देगा एकोल दे बोझार्त या पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत. १८६६ साली मोनेचं हिरव्या पोशाखातल्या कामीयचं पूर्णाकृती चित्र सलॉनने, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाने, स्वीकारलं होतं.

खरा घात ‘अर्ध्या तासात फिसकटा’ या सल्ल्यात आहे. त्या सूर्योदयाच्या चित्राचा फोटो फोनवर घ्या आणि त्यातला रंग काढून टाका. नारिंगी सूर्य जवळजवळ गायब होतो, कारण त्याचा उजळपणा भोवतीच्या करड्या आकाशाइतकाच ठेवलाय. रंगीत चित्रात सूर्य थरथरल्यासारखा वाटतो तो यामुळे. डोळे मिटून रंग फासणाऱ्याकडून हे होत नाही. मोनेची रूआँ कॅथेड्रलची चित्रं तर १८९२ आणि १८९३ अशी दोन वर्षं जागेवर जाऊन, उजेड बदलला की कॅनव्हास बदलत केलेली. पुढे झिव्हर्नी गावातल्या त्याच्या स्टुडिओत त्यांवर थरावर थर चढले आणि १८९५ साली त्यांतली वीस चित्रं लोकांसमोर आली.

मुलं फिसकटतात तेव्हा काय होतं? ओल्या निळ्यावर नारिंगी घातला आणि ब्रश तीन-चारदा फिरवला की दोन्ही रंग एकमेकांना मारतात, उरतो चिखल. ब्रश भरून घ्यायचा, एक फटकारा मारायचा, उचलायचा, पुसायचा. दुरुस्ती हवी असेल तर खालचा थर वाळू द्यायचा. डोळे किलकिले करणं चांगलंच आहे, पण ते उजेड-सावलीचे मोठे गट ओळखण्यापुरतं. रंग लावताना डोळे उघडे हवेत.

काळ्याबद्दल अर्धं खरं. लंडनच्या नॅशनल गॅलरीने मोनेचं पॅरिसच्या सां-लाझार स्टेशनचं चित्र तपासलं, तेव्हा त्यातले गडद भाग कोबाल्ट निळा, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन हिरवा, सिंदुरी आणि किरमिजी अशा भडक रंगांच्या मिश्रणाचे निघाले. काळा जवळपास नाहीच. पण पहिल्याच प्रदर्शनात रन्वारचं नाटकगृहातल्या जोडप्याचं चित्र होतं आणि त्यातल्या बाईच्या पोशाखावर ठसठशीत काळे पट्टे आहेत. बंदी वगैरे कुणी घातली नव्हती.

फोटोग्राफी जाहीर झाली १८३९ साली, पहिलं प्रदर्शन १८७४चं, तेही फोटोग्राफर नादारच्याच जुन्या स्टुडिओत. संबंध आहे, पण मला विचाराल तर जास्त श्रेय जॉन रँडच्या १८४१च्या, रंगाच्या कथिली ट्यूबला. रंग खिशात घालून आगगाडीने पॅरिसजवळच्या आर्जांतयला जाता आलं ते तिच्यामुळे.

राहिला व्हॅन गॉग. तो पॅरिसला आला १८८६ साली, शेवटच्या प्रदर्शनाच्या तोंडावर. आठांपैकी एकाही प्रदर्शनात त्याचं चित्र नव्हतं. आठही प्रदर्शनांत भाग घेणारा एकच: पिसारो. मेसेजमध्ये त्याचं नावसुद्धा नाही.