‘पाणी बदलायला पाच दिवस’ या अभिप्रायाला दुकानाचे उत्तर

नमस्कार महोदय,

आपण आमच्या दुकानाला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. पाणी फिरवून थंड ठेवला जाणारा संगणक दुरुस्तीसाठी आमच्याकडे असल्यामुळे आपले काम खोळंबले आणि चौकशीसाठी केलेल्या फोनवर ‘टेस्ट चालू आहे’ एवढेच तुटक उत्तर मिळाले, याबद्दल मनापासून क्षमस्व. परंतु ‘नुसते पाणी बदलायला पाच दिवस लावले, मशीन उगीच अडकवून ठेवले’ हे आपले वाक्य आमच्या जिव्हारी लागले आहे. आमचे दुकान लहान आहे, जाहिरात परवडत नाही, आणि नवीन गिऱ्हाईक असे अभिप्राय वाचूनच दुकानाची पायरी चढायची की नाही ते ठरवते. त्यामुळे ते दिवस कशात गेले, हे सविस्तर सांगणे आम्हाला भाग आहे.

मशीन आणताना आपण सांगितले होते की व्हिडिओ रेंडरिंगला लावला की काही मिनिटांतच प्रोसेसर १०० अंशांवर जातो आणि वेग पडतो, तेव्हा पाणी फिरवणारा पंप खराब झाला असणार, तो बदलून द्या. आपल्या सांगण्याप्रमाणे आम्ही पंप बदलला असता तर त्याच संध्याकाळी मशीन आपल्या हाती देता आले असते, आपला खर्चही जास्त झाला असता आणि तक्रार मात्र जिथल्या तिथे राहिली असती. आपल्या लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरते त्या बंद चक्रात, पाण्याचे तापमान दाखवणारा सेन्सर आहे. प्रोसेसर १०० अंशांना टेकलेला असताना ते पाणी अवघे ३६ अंशांवर होते. पाणीही तापलेले असते तर पाण्यातली उष्णता हवेत सोडणाऱ्या रेडिएटरवर किंवा त्याच्या पंख्यांवर संशय घेतला असता; पाणी गार आणि प्रोसेसर मात्र भाजतो आहे, याचा अर्थ उष्णता पाण्यापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता ब्लॉकपर्यंत पोहोचवणारा लेप) आणि प्रोसेसरवर बसवलेल्या, आतून पाणी जाणाऱ्या धातूच्या ब्लॉकची पकड, ब्लॉकच्या आत साचलेला गाळ किंवा मंदावलेला प्रवाह, एवढ्याच ठिकाणी शोधावे लागते. आम्ही आधी पेस्ट नव्याने लावून ब्लॉक चारही स्क्रूंवर सारखा आवळून पाहिला, पण फरक पडला नाही. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, पंपाचे फेरे पूर्ण दिसत होते, तरी रिझर्व्हॉयरमधले (लूपच्या टाकीतले) पाणी जेमतेम हलत होते. मोटर फिरते आहे म्हणजे पाणीही फिरते आहे असे नसते, आणि म्हणूनच संपूर्ण लूप रिकामा करून ब्लॉक उघडावा लागला.

त्याचा फोटो आम्ही आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. प्रोसेसरवरच्या ब्लॉकमध्ये तांब्याच्या ज्या बारीक पट्ट्या असतात, त्यांच्यामधली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते. आपल्या ब्लॉकमध्ये मधल्या भागातल्या बहुतेक फटी पांढरट, लिबलिबीत थराने बुजल्या होत्या आणि पाणी फक्त कडेकडेने वाट काढत होते. हा थर आपोआप येत नाही. पातळी खाली गेली की स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी वरून घालतो, असे आपणच आम्हाला सांगितले होते. आरओचे पाणी पिण्यासाठी उत्तम असले तरी ते डिस्टिल्ड नसते. चवीसाठी त्यात थोडे क्षार मुद्दाम राखलेले असतात. त्यातच आपण ऑनलाइन मागवून स्वतः जोडलेला दुसरा रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा निघाला. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की अ‍ॅल्युमिनियम गंजत जाते, क्षार असलेल्या पाण्यात ही क्रिया आणखी वेगाने होते, आणि सुटलेला गाळ सगळ्यात अरुंद जागी, म्हणजे ब्लॉकच्या फटींत, जाऊन बसतो. नुसते पाणी बदलून मशीन परत दिले असते तर थोड्याच काळात आपण तीच तक्रार घेऊन पुन्हा आला असता आणि तेव्हाही दोष आमच्याच माथी आला असता.

तो रेडिएटर काढायचा तर आपली परवानगी हवी होती, कारण गिऱ्हाइकाच्या मशीनमधला भाग न विचारता काढणे आम्हाला पटत नाही. त्यासाठी केलेल्या फोनला आपले उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. आपणही कामात असाल, त्याबद्दल आमची काहीही तक्रार नाही. पण तो दिवसही आमच्याच खात्यावर मांडला गेला, याचे वाईट वाटते.

त्यानंतर निकेलचा मुलामा दुखावू नये म्हणून ब्लॉक मऊ ब्रशने आणि सौम्य साबणाच्या पाण्याने साफ केला, आणि तांब्याचा रेडिएटर डिस्टिल्ड पाण्याने, बाहेर पडणारे पाणी नितळ दिसेपर्यंत, धुतला. लूप पुन्हा जोडल्यावर त्यात पाणी न भरता आधी अर्धा बार हवेचा दाब भरला आणि गेज लावून तो रात्रभर ठेवला. रात्रीच्या गारव्याने काटा किंचित उतरतो, पण सकाळी तो त्याहून बराच खाली आला होता. एकेक फिटिंग तपासल्यावर ग्राफिक्स कार्डाच्या बरोबर वर असलेल्या फिटिंगमधल्या ओ-रिंगला (गळती रोखणाऱ्या रबरी कडीला) केसाएवढी चीर सापडली. ती रिंग बदलून पुन्हा हवेची चाचणी घेतली, मग कूलंट (लूपमध्ये भरायचे खास द्रव) भरले, आणि मदरबोर्डाला वीज न देता, एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) जंपर लावून फक्त पंप चोवीस तास चालवला. प्रत्येक फिटिंगखाली पांढरा टिश्यू ठेवला होता आणि हवेचे बुडबुडे निघावेत म्हणून कॅबिनेट अधूनमधून तिरके करावे लागत होते. आपण फोन केला तेव्हा चालू होती ती हीच चाचणी. एवढा वेळ आम्ही घेतला नसता तर त्या चिरेतून पडलेला थेंब थेट आपल्या ग्राफिक्स कार्डावर गेला असता, आणि त्या कार्डाची किंमत आमच्या संपूर्ण बिलाच्या कितीतरी पट आहे. चाचणीच्या वेळेची मजुरी आम्ही लावलेली नाही, हे बिलावर पाहता येईल.

दुरुस्तीनंतरही प्रोसेसर ७५ अंश दाखवतो, असेही आपण लिहिले आहे. पूर्ण भारावर, तेही पुण्याच्या मे महिन्यात, हे तापमान चांगले आहे. खोलीतल्या हवेपेक्षा लूपमधले पाणी गार होऊ शकत नाही, आणि आपला प्रोसेसर १०० अंशांपर्यंत स्वतःहून वेग कमी करत नाही.

यापुढे असे मशीन ठेवून घेताना अंदाजे मुदत लिहून देण्याचा आणि मधल्या टप्प्यांची माहिती फोनवर नीट देण्याचा आम्ही प्रयत्न करू. दुकानातल्या मुलांनाही तसे सांगितले आहे. हे सगळे वाचून आपल्याला योग्य वाटल्यास अभिप्रायातले ‘उगीच’ हा शब्द काढावा, एवढी विनंती. तारे किती द्यायचे ते आपणच ठरवावे.

काढलेला अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आपल्या नावाची चिठ्ठी लावून दुकानात ठेवला आहे. सवडीने घेऊन जावा, मात्र या लूपला तो पुन्हा जोडू नये. पातळी उतरलेली दिसली तर आरओचे पाणी न घालता दुकानात यावे. त्याच कूलंटची छोटी बाटली आपल्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे, तिचे पैसे घेणार नाही.