बिलाच्या रांगेतलं साप्ताहिक कसं काढावं

अमेरिकेत साप्ताहिक काढायचं मनात असेल तर पत्रकारितेच्या कॉलेजात फी भरू नका. सुपरमार्केटमध्ये जाऊन बिलाच्या रांगेत उभे राहा. पुढच्या बाईंची कुपनं संपत नाहीत, कडेला च्युइंगगम, त्याच्या वर तारेचा कप्पा. तुमचा धंदा एवढ्या जागेत आणि दोन-तीन मिनिटांत व्हायचाय. त्या कप्प्याचे पैसे तुम्हीच दुकानदाराला द्यायचे असतात. एखादा उपसंपादक कमी ठेवा, पण डोळ्यांच्या उंचीचा कप्पा सोडू नका. गुडघ्याशी लावलेला अंक फक्त लहान पोरं बघतात, आणि त्यांच्या खिशात पैसे नसतात.

ही वाट जेनेरोसो पोप यांनी पाडून ठेवली आहे. १९५२ साली त्यांनी ७५ हजार डॉलरला 'एन्क्वायरर' हा साप्ताहिक पेपर घेतला आणि पहिल्या पानावर अपघात, मुडदे, रक्त ओतलं. खप चढला आणि दहा लाखांच्या आसपास अडला. कोबीच्या शेजारी कापलेलं मुंडकं ठेवायला कोण दुकानदार धजेल? साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी रक्त पुसलं. नट्या, डाएट, चमत्कार आणि भविष्य भरलं. कान्सास सिटीतली मिसी स्मिथ नावाची एक काल्पनिक बाई डोळ्यांपुढे ठेवली. तिला कळणार नाही ते छापायचं नाही. तिला हसूही नका, तुमचा पगार तीच देते.

आता मुखपृष्ठ. इथे हात आखडू नका. काळ्या पट्टीवर पिवळी अक्षरं, तीही हातभर लांबून वाचता येतील अशी. चार-पाच चेहरे मागची पार्श्वभूमी छाटून चिकटवा, डोकी धडापेक्षा जरा मोठी. नटीचा फोटो समुद्रकिनाऱ्यावरचा घ्या: माथ्यावर ऊन, मेकअप नाही, वाकलेली असताना पोटाला पडलेली वळी. शेजारी तिचाच जुना, पुरस्कार सोहळ्यातला. मधे एक लाल बाण. झालं! बातमी लिहायची गरजच नाही, ती मिसीच्या डोक्यात आपोआप तयार होते. वर 'शेवटचे काही महिने?' एवढं टाका. त्यातलं प्रश्नचिन्ह विसराल तर वकिलाचं बिल येईल. आतल्या पानावर 'जवळची मैत्रीण' सांगते की बाईंना हल्ली थकवा जाणवतो. राईचा पर्वत बाहेर, राई आत. मात्र राई खरी हवी.

शक्यतो मेलेल्यांवर भर द्या. मेलेल्याची बदनामी झाली म्हणून अमेरिकेत दावा लागत नाही. १९७७ साली 'एन्क्वायरर'ने गायक एल्विस प्रेस्लीचा शवपेटीतला फोटो पहिल्या पानावर छापला, तो अंक ६५ लाखांच्या वर खपला. जिवंत प्रसिद्ध माणसाला, सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ आणि १९६७ च्या निकालांमुळे, तुम्ही जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटं छापलंत हे सिद्ध करावं लागतं; ते सहसा जमत नाही. पण विनोदी नटी कॅरल बर्नेटला जमलं. ती रेस्टॉरंटमध्ये दारू पिऊन धिंगाणा घालत होती असं सुचवणारा चार वाक्यांचा मजकूर 'एन्क्वायरर'ने छापला आणि १९८१ साली ज्यूरीने १६ लाख डॉलरची भरपाई ठरवली. पुढे रक्कम घटली, पण माफी छापूनही सुटका झाली नाही. वर्तमानपत्राला मिळणारं संरक्षण तुम्हाला नाही, तुम्ही मासिकात मोडता, असं कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने सुनावलं. वर्तमानपत्र नसण्याची इतकी महाग पावती दुसऱ्या कोणाला मिळाली नसेल.

रंगीत छपाईयंत्र घेतलं की जुनं कृष्णधवल भंगारात काढू नका. पोप यांनी १९७९ साली त्यावर 'वीकली वर्ल्ड न्यूज' हे अचाट, रचलेल्या बातम्यांचं साप्ताहिक सुरू केलं. १९९२ मध्ये गुहेत सापडलेलं वटवाघूळ-पोर त्यातलंच. वटवाघळं दावा लावत नाहीत. मागची पानं ज्योतिषी, नशीब उघडणारे ताईत आणि वजन उतरवण्याच्या गोळ्या यांना विका. मिसीला काय सलतं ते या जाहिरातींतून तुमच्या संपादकांपेक्षा नीट कळतं.

न छापलेली बातमीही वाया जात नाही. २०१६ साली, अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी, एका मॉडेलची डोनाल्ड ट्रम्प यांच्याविषयीची हकीगत 'एन्क्वायरर'च्या मालक कंपनीने दीड लाख डॉलरला विकत घेतली आणि दाबून ठेवली. असं काही करणार असाल तर आधी चांगली तिजोरी घ्या. सरकारी वकील दारात आले की किल्ली तुम्हीच पुढे करा. २०१८ साली कंपनीने सगळं कबूल केलं आणि तिच्यावर खटला झाला नाही. तुरुंगात ट्रम्प यांचा वकील गेला.