कॅलिग्युला कोणाचा? आणि आपल्याकडचे सिनेमे कोणाचे?

1979 सालचा 'कॅलिग्युला', त्या नावाच्या क्रूर रोमन सम्राटावरचा सिनेमा, आता 'द अल्टिमेट कट' म्हणून परत आलाय, 2023 मध्ये कान फेस्टिव्हलला दाखवला आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये इथे ब्रिटनमध्ये थिएटरला लागला. मी बघून आले आणि कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर पुण्याहून लगेच मेसेज, असली घाण परत धुऊनपुसून दाखवायची कशाला. दुसरा म्हणाला, बघा, तिकडे सगळं चालतं, आणि आपल्याकडे 'छावा'च्या ट्रेलरमधल्या लेझीमवरून एवढं रान उठलं की दिग्दर्शकाने रिलीजच्या आधीच तो प्रसंग काढून टाकला. मला दोन्ही पटलं नाही.

कारण या सिनेमाचा खरा घोळ अश्लीलतेच्या आधीचा आहे. पैसा 'पेंटहाऊस' या नग्न चित्रांच्या मासिकाच्या मालकाचा, बॉब गुच्चिओनेचा, पटकथा अमेरिकन कादंबरीकार गोर व्हिडालची, दिग्दर्शक तिंतो ब्रास, आणि नट म्हणाल तर माल्कम मॅकडॉवेल, हेलन मिरेन, पीटर ओटूल, जॉन गिलगुड! 1976 ला रोममध्ये शूटिंग झालं, व्हिडालचं ब्रासशी बिनसलं आणि तो बाजूला झाला, मग गुच्चिओनेने ब्रासलाच एडिटिंगमधून बाहेर काढलं, आणि नंतर गुपचूप सेटवर जाऊन स्वतःच पॉर्न दृश्यं शूट करून मधेमधे घुसडली. मिरेन आणि गिलगुडसारख्या लोकांनी जीव ओतून काम केलं आणि त्यांच्या कामाच्या मधे काय येणार याची त्यांना कल्पनाच नाही. इटलीत अश्लीलतेच्या आरोपावरून प्रिंट जप्त झाल्या, आणि अमेरिकेत समीक्षक रॉजर ईबर्ट सिनेमा अर्धवट सोडून उठून गेला.

आता थॉमस नेगोवन नावाच्या माणसाने पेंटहाऊसच्या साठ्यातल्या सुमारे 96 तासांच्या मूळ निगेटिव्हमधून 178 मिनिटांचा सिनेमा नव्याने जुळवलाय, जुन्यातला एकही शॉट जसाच्या तसा न घेता, सगळे दुसरे टेक वापरून. गुच्चिओनेची दृश्यं अर्थातच गेली. आणि फरक प्रचंड आहे. काप्री बेटावर ओटूलचा टायबेरियस, म्हणजे आधीचा सम्राट, तोंडभर फोड घेऊन बसलाय आणि पोरगा कॅलिग्युला त्याच्यासमोर घाबरून वागतोय, ते बघताना कळतं की हा माणूस पुढे असा का झाला. मिरेनची सीझोनिया जुन्यात नुसती सजवून उभी केल्यासारखी वाटायची, इथे ती घरातली सगळ्यात हुशार बाई आहे, नवऱ्याकडे बघताना तिच्या डोळ्यांत हिशोब चाललेला दिसतो. ते रिंगणातलं मुंडकी उडवणारं यंत्र, भिंतीएवढं, लाल, खाली पाती फिरतायत आणि सम्राटाच्या रक्षकांचा प्रमुख मॅक्रो मानेपर्यंत जमिनीत पुरलेला, ते आजही बघवत नाही. हे लहान मुलांसाठी नाहीच, 18 च्या खालच्यांना प्रवेश नाही, आणि तसंच असायला हवं.

पण तिंतो ब्रासने या कटला साफ नकार दिला. त्याचं म्हणणं, माझं फुटेज घेतलंत, जुळवताना मी नव्हतो, तर हा माझा सिनेमा नाही. मला सिनेमा आवडला आणि तरी ब्रासचं पटतं. नेगोवनने इमानदारीने काम केलंय हे दिसतं, तरी ब्रासचा सिनेमा काही परत आलेला नाही, त्याच्या फुटेजमधून दुसऱ्याने केलेला सिनेमा आपण बघतोय आणि पोस्टरवर हे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. ज्याने शूट केलं त्याला एकदा गुच्चिओनेने वगळलं आणि नंतर पुन्हा एकदा वगळलं गेलं.

आपल्याकडे हा वाद मला कुठे ऐकूच येत नाही. कोणाच्या भावना दुखावल्या, कोणी कोर्टात गेलं, सेन्सॉरने काय कापलं यावर महिनाभर चॅनल चालतात, पण सिनेमा बनवणाऱ्याचा हक्क काय? भारतीय कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा 'ऑथर', म्हणजे कायद्याने कर्ता, हा निर्माता, दिग्दर्शक नाही. इथे ब्रिटनमध्ये निर्मात्याबरोबर दिग्दर्शकही कर्ता धरला जातो. (इथलं सगळं गोड आहे असं नाही हां, रोमन काळावरचाच 'लाईफ ऑफ ब्रायन' हा विनोदी सिनेमा 1979 नंतर इथल्या कितीतरी कौन्सिलांनी आपापल्या गावात लागू दिला नव्हता.) आपल्याकडच्या कायद्याचा परिणाम 2025 च्या ऑगस्टमध्ये दिसला, निर्मात्या कंपनीने 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती एआयने शेवट बदलून थिएटरला लावली, मेलेला नायक जिवंत केला, दिग्दर्शक आनंद राय आणि नायक धनुष दोघं जाहीरपणे विरोध करत राहिले आणि सिनेमा लागलाच. माझ्या ग्रुपवर त्यावर एक मेसेज नाही! हे गुच्चिओनेने केलं त्यापेक्षा वेगळं कसं ते मला कोणीतरी समजावून सांगा.

आणि दुसरी गोष्ट जपणुकीची. 96 तास सांभाळून ठेवले होते म्हणून नेगोवनला काहीतरी करता आलं. आपल्याकडे 2003 च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला आग लागली आणि नायट्रेटची, म्हणजे जुन्या, पटकन पेटणाऱ्या फिल्मची, हजारो रिळं गेली, आपला पहिला बोलपट 'आलम आरा', त्याची तर एकही प्रिंट कुठे नाही. म्हणून 'शोले'चं मला इतकं अप्रूप वाटतं. आणीबाणीत सेन्सॉरमुळे बदलावा लागलेला मूळ शेवट, ठाकूर गब्बरला मारतो तो, फिल्म हेरिटेज फाउंडेशनने परत आणला, त्यासाठी लागलेली काही रिळं इथे ब्रिटनमधल्या एका गोदामात सापडली, आणि जून 2025 मध्ये इटलीतच, बोलोन्याच्या चौकात हा पुन्हा जोडलेला 'शोले' पहिल्यांदा दाखवला. तो शेवट दिग्दर्शक रमेश सिप्पींनीच शूट केलेला, त्यांनाच हवा असलेला. म्हणजे आपल्याला हे नीट करता येतं.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलंय की 'कॅलिग्युला' बघायचा तर बघा, नाही तर नका बघू, पण पुढच्या वेळी एखाद्या सिनेमातला प्रसंग काढा म्हणून ओरड झाली की आधी विचारा, दिग्दर्शकाने हो म्हटलंय का, आणि काढलेलं फुटेज ठेवणार कुठे. अजून कोणाचं उत्तर आलेलं नाही.