शरीराचंच तर वजन आहे, काय होणार?

ट्रेनर मंडळींच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरत असतो. त्याचं म्हणणं असं: सस्पेन्शन स्ट्रॅप, म्हणजे वर अडकवून व्यायाम करायचा दोन हँडलांचा पट्टा, शिकवायला वेगळं काही शिकावं लागत नाही. वजन शरीराचंच, त्यामुळे इजा होत नाही. कुठेही अडकवा, चाळीस व्यायाम पाठ करा आणि क्लायंट घ्या. कमांडोंनी बनवलेली वस्तू, म्हणजे सगळ्यांना चालणारच.

आधी वजनाचं बघू. ७० किलोचा माणूस हँडल धरून मागे झुकला आणि अंग सरळ ठेवून रो, म्हणजे हँडल स्वतःकडे ओढण्याचा व्यायाम, करू लागला. उभ्या रेषेपासून तो १५ अंश झुकला असेल, तर हातांवर ढोबळमानाने १२ किलो येतात. ३० अंशांवर २३ आणि ४५ वर ३३. १५ वरून ३० वर जायला पाय अँकरकडे, म्हणजे पट्टा जिथे अडकवलाय तिकडे, जेमतेम फूटभर सरकावे लागतात. म्हणजे एका फुटात भार जवळपास दुप्पट! डंबेलवर आकडा छापलेला असतो, इथे तो क्लायंटच्या पायांपाशी वाचावा लागतो. तो वाचता येत नसेल, तर 'शरीराचंच वजन' हे कमी वजन नव्हे, न मोजलेलं वजन आहे.

चाळीस व्यायामांचं म्हणाल, तर एक रो नीट शिकवून दाखवा. स्ट्रॅप पूर्ण आखूड करा. क्लायंटला अँकरकडे तोंड करून उभं करा, हँडल बरगड्यांपाशी, कोपरं अंगालगत. आता हात तसेच ठेवून त्याला पावलापावलाने पुढे चालवा. अंग मागे कलतं, भार वाढतो. जिथे तो न थरथरता दोन श्वास थांबू शकतो तिथे पाय रोवायचे आणि मगच हात सरळ सोडायचे. अशी शेवटच्या स्थितीपासून सुरुवात केली, की झेपणार नाही असा कोन मुळात निवडलाच जात नाही. हात सरळ ठेवून सुरू करणारे सहाव्या-सातव्या फेरीला कंबर पुढे फेकून वर येतात, कारण ओढ संपलेली असते. तेव्हा 'अजून तीन!' ओरडू नका. अर्धं पाऊल मागे घ्यायला सांगा, सेट पूर्ण होतो.

बाकीच्या चुका डोळ्यांना लवकर दिसतात. एक हँडल पुढे-एक मागे असा करवतीसारखा पट्टा सरकतो, म्हणजे दोन्ही हातांची ओढ सारखी नाही. चेस्ट प्रेसला, म्हणजे हँडल छातीपुढे ढकलताना, पट्टा दंडावर घासतो, तेव्हा हात किंचित वर घ्यायचे. प्लँकमध्ये, म्हणजे पाय पट्ट्यात अडकवून पालथं अंग हातांवर सरळ तोलताना, पोट खाली झोळी धरतं, तेव्हा पाय पट्ट्यातून काढून जमिनीवरचा प्लँक द्यायचा. त्यात कमीपणा नाही.

'कुठेही अडकवा' हे मात्र सगळ्यात घातक. अँकर सात ते नऊ फुटांवर हवा आणि त्यावर माणूस हिसका देणार आहे हे धरून चालायचं. छताचा पंख्याचा हूक पंख्यासाठी असतो. खिडकीचं ग्रिल बऱ्याचदा चार स्क्रूंवर उभं असतं. बाथरूमचं प्लास्टिकचं दार तर विसराच. दाराचा अँकर लावायचा तर दार आपल्या बाजूला उघडणारं नको. पलीकडे उघडणारं हवं, म्हणजे ओढ लागली की ते चौकटीवर घट्ट बसतं. कडी लावा, पलीकडे चिठ्ठी चिकटवा, नाहीतर घरातलं कोणीतरी नेमकं तेव्हाच दार ढकलतं. मग शिवण, बकल, हूक तपासून आधी ट्रेनरने स्वतःचा भार हळूहळू द्यायचा. क्लायंट नंतर.

राहिले कमांडो. रँडी हेट्रिक हे अमेरिकी नौदलाच्या सील्स या कमांडो पथकातले. त्यांनी १९९७ च्या सुमारास जुजुत्सूचा पट्टा आणि पॅराशूटची पट्टी जोडून पहिला स्ट्रॅप बनवला, हे खरं. पण तो आधीच तयार असलेल्या शरीरांसाठी होता. तुमच्याकडे येणार आहेत दिवसभर खुर्चीत बसणारे पंचावन्नचे काका. त्यांना पहिल्याच दिवशी एका पायाचा स्क्वॉट नको. आधी विचारा: खांदा कधी निखळला होता का, मनगट दुखतं का, बीपीची गोळी चालू आहे का. खांदा निखळलेला असेल, तर हात इंग्रजी टी आणि वाय अक्षरांसारखे पसरून करायचे व्यायाम बाजूला ठेवा. बीपी असेल तर डॉक्टरांचा होकार घ्या आणि श्वास कोंडू देऊ नका.

मग स्ट्रॅप मध्यम लांबीवर घ्या, दोन्ही हँडल त्यांच्या हातात द्या, मागे खुर्ची ठेवा आणि बसून उठायला सांगा. हातांनी थोडा आधार घेतला तरी चालेल, पण पट्टा सैल पडू देऊ नका.